कुरूप कापून कापून दमलात? आधी चप्पल उलटी करून बघा

या वेळचं पत्र सांगलीचं, विश्रामबागेतल्या एका ताईंचं. लांबलचक आहे, थोडक्यात देते.

"माझं वय ५२. शाळेत शिकवते, दिवसातले पाच-सहा तास उभ्यानंच जातात. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट गेल्या काही वर्षांत वाकत वाकत आता मधल्या पेरात पार वर आलंय, त्यावर कुरूप झालंय आणि ते चपलेच्या पट्ट्याला घासतं. दोनदा कापून घेतलं, मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावल्या, परत येतंय. त्याच पायाचा अंगठा बोटांकडं कललाय आणि बुडाशी हाड वाढलंय. चवड्याखाली खडा टोचल्यासारखं जळजळतं. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाचेत कळ येते. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. सासूबाई म्हणतात जोडवं घट्ट घातल्यामुळं बोट वाकलं. माझ्या आईचा अंगठाही असाच होता, आणि ती तर जन्मभर रानात अनवाणी. हे चार वेगळे आजार आहेत का? हाडाच्या डॉक्टरांकडं जाऊ, कातडीच्या की शुगरच्या? मेमध्ये मुलीचं लग्न आहे, त्याआधी ऑपरेशन करून बोट सरळ करून घेऊ का?"

ताई, आधी सासूबाईंचं बघू, कारण घरात रोज ऐकावं लागतंय ते तेच. जोडवं बसतं बोटाच्या बुडाजवळच्या पहिल्या हाडावर, तुमचं बोट वाकलंय त्याच्या पुढच्या सांध्यात, तेव्हा जोडव्यानं बोट वाकवलं हे काही पटण्यासारखं नाही. पण जोडवं आता त्या बोटात राहू द्यायचं का, तर नाही, आणि त्याचं कारण वेगळं आहे. मधलं पेर फुगलंय, संध्याकाळी पायाला सूज येत असणार, त्यात शुगर. जोडवं गोल फिरत नसेल तर साबण नाहीतर तेल लावून आजच काढा, आणि निघतच नसेल तर ओढाताण न करता सोनाराकडून कापून घ्या. सवाष्णीनं जोडवं काढायचं कसं हा प्रश्न येणारच, तर उघड्या टोकांचं सैल जोडवं शेजारच्या बोटात घाला, सासूबाईंची समजूत निघेल आणि बोटही सुटेल. रात्री काढून ठेवा, बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की तिथली कातडी पांढरी पडून फाटते आणि शुगरच्या पायाला तेवढी फटसुद्धा पुरते.

आता चार आजारांचं. मला तरी हा एकच पाय दिसतोय ज्याचं वजन भलतीकडं पडतंय, आणि तुम्ही त्याची चार टोकं चार डॉक्टरांकडं घेऊन जाताय.

सुरुवात अंगठ्यापासून करू. तुम्ही म्हणता हाड वाढलंय, सगळेच असं म्हणतात, पण बहुतेक वेळा तिथं नवीन हाड फारसं आलेलं नसतं, अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या बाजूला सरकतं, अंगठा उलटीकडं म्हणजे करंगळीकडं कलतो, आणि त्या दोघांमधला बुडाचा सांधा कोपऱ्यासारखा बाहेर दिसायला लागतो. डॉक्टर त्याला बनियन म्हणतात. दिसायला वाईट एवढंच असतं तर चाललं असतं, पण चालताना टाच उचलून आपण पाऊल पुढं ढकलतो त्या वेळी सगळ्यात जास्त भार अंगठ्याच्या बाजूनं घ्यायचा असतो. अंगठा सरकला की तो भार घेत नाही, आणि बैलजोडीतल्या एकानं अंग काढलं की जू दुसऱ्याच्या मानेवर येतं तसं सगळं ओझं शेजारच्या बोटामागच्या हाडावर येतं. ते हाड अंगठ्याच्या हाडापेक्षा बारीक असतं, त्याला एवढ्या भाराची सवय नसते. म्हणून चवड्याखाली तो खडा.

पुढं काय होतं बघा. त्या बोटाच्या बुडाच्या सांध्याखाली एक जाड चिवट पट्टी असते, तिला प्लांटर प्लेट म्हणतात, ती बोटाला खाली जमिनीवर धरून ठेवते. रोजच्या जादा भारानं ती ताणते, कधी कधी फाटतेसुद्धा, मग बोट बुडातून वर उचललं जातं. बोट बुडातून उचललं की वरून आणि खालून येणाऱ्या लांब दोऱ्या, म्हणजे टेंडन, त्याला मधल्या सांध्यात दुमडतात, कारण बोट सरळ ठेवणारे तळपायातले जे बारीक स्नायू असतात त्यांचा जोर आता लागू पडत नाही. हे झालं हॅमर टो, तुमचं बोट बहुतेक तेच. त्यात भर म्हणजे वर उचललेलं बोट मागच्या हाडाचं डोकं आणखी खाली दाबतं आणि तिथली चरबीची गादी पुढं सरकते, म्हणजे जिथं दाब वाढला नेमकं तिथलंच मऊपण गेलं. वर पेरावर चपलेचा पट्टा घासतो म्हणून कुरूप, खाली हाड रुततं म्हणून घट्टा आणि जळजळ. कातडी बिचारी काय करणार, दाब आला की ती जाड होते, तिला तेवढंच येतं. कुरूप कापलं तरी दाब तिथंच राहतो, महिन्या-दोन महिन्यांत ते परत येणारच, त्यात कापणाऱ्याची काही चूक नाही.

बोटं वाकण्याचे आणखी दोन प्रकार असतात ते सांगून ठेवते. नुसतं शेवटचं टोकाचं पेर वाकलं तर ते मॅलेट टो, त्यात बोटाच्या टोकाला कुरूप होतं आणि नख जाड काळपट होतं, लोक ते बुरशी समजून महिनोन् महिने मलम लावत बसतात. आणि बुडातून वर, पुढच्या दोन्ही सांध्यांत खाली, असं पंजासारखं झालं तर ते क्लॉ टो. हा तिसरा प्रकार नीट लक्षात ठेवा, विशेष करून दोन्ही पायांची सगळीच बोटं तशी व्हायला लागली तर, कारण तिथं चपलेपेक्षा नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा, संशय आधी घ्यायचा.

टाचेची कळ याच साखळीतली आहे असं मला वाटतं, आणि दोन्हीला जोडणारी गोष्ट पोटरी. घरी करून बघा, पाय लांब सरळ करून बसा आणि गुडघा न वाकवता पाऊल आपल्याकडं ओढा, मग गुडघा वाकवून तेच करा. सरळ गुडघ्यात पाऊल काटकोनाच्या आत येतच नाही आणि वाकवल्यावर मात्र सहज येतं, तर पोटरी आखडलेली आहे. आखडलेल्या पोटरीमुळं चालताना टाच लवकर उचलली जाते, म्हणजे चवड्यावर जास्त वेळ भार, टाचेपासून बोटांपर्यंत गेलेल्या तळपायाच्या चिवट पडद्याला जास्त ताण म्हणून टाचेत सकाळची कळ, आणि पाऊल वर उचलायला बोटांच्या वरच्या दोऱ्यांना जादा ओढावं लागतं, त्यात बोटं आणखी उचलली जातात. सपाट तळपाय असेल तरी बोटांवर ताण येतो, तिथं पाऊल आत कोसळू नये म्हणून बोटं जमीन घट्ट धरायला बघतात. फार उंच कमान असेल तरी बोटं पंजासारखी होतात, आणि एकाच पायाची कमान अलीकडं उंच होत चालली असेल तर सरळ डॉक्टर गाठायचा, ते कधी कधी मणक्यातून किंवा नसांतून आलेलं असतं.

आईचा मुद्दा तुम्ही बरोबर पकडलाय. हाँगकाँगमध्ये १९५८ साली एक पाहणी छापली गेली, त्यात बूट घालणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोकांचा अंगठा कललेला निघाला आणि अनवाणी राहणाऱ्यांत जेमतेम २ टक्क्यांचा. फरक मोठा आहे, पण ते २ टक्के होतेच ना. पायाचा घाट आईबापाकडून येतो, सांधे सैल असणं येतं, अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब असणं येतं, आणि लांब बोटाला बुटात जागा नसली की ते दुमडूनच बसतं. आईनं तुम्हाला पायाचा घाट दिला, बाकीचं काम वीसेक वर्षांच्या टोकदार सँडलनी केलं असणार.

आता शुगर. तुम्ही ती पत्रात एका ओळीत उरकलीत, मला मात्र बाकी सगळ्यापेक्षा तिचीच जास्त काळजी आहे. शुगरमुळं नसा खराब व्हायला लागल्या की दोन गोष्टी होतात. एक तर तळपायातले ते बारीक स्नायू सुकतात आणि बोटं वाकतात. दुसरं म्हणजे तिथलं कळेनासं होतं. वाकलेलं बोट घासतंय आणि घासलेलं कळत नाही, कुरपाखाली जखम झालेली असते आणि वरून नुसती जाड कातडी दिसते. तुमचं एकाच पायाचं एकच बोट वाकलंय आणि शेजारी अंगठाही कललाय, त्यामुळं कारण बहुतेक भाराचंच असेल, पण तपासल्याशिवाय सोडायचं नाही.

घरी एक चाचणी करता येते. तुम्ही डोळे मिटून पलंगावर पडा, मुलीला सांगा दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनीनं अगदी हलकं, एक-दोन सेकंद टेकवायचं, दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. कळलं की तुम्ही उजवा किंवा डावा एवढंच सांगायचं. या सहा जागांपैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर पाय धोक्यात आहे असं समजून त्याच आठवड्यात दाखवा. सगळ्या कळल्या तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडं नीट तपासणी हवीच, ते नायलॉनची बारीक तार टेकवून बघतात आणि पायाच्या नाडीचे ठोके तपासतात.

मिरजेत कुष्ठरोगाचं रिचर्डसन हॉस्पिटल आहे, तिकडचं नाव काढलं तरी लोक दचकतात, पण शुगरच्या पायाबद्दल आज जे शिकवलं जातं त्यातलं बरंच त्या रोगाच्या पायांवरून शिकलेलं आहे. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की त्या रोगातल्या पायाच्या जखमा मांस आपोआप सडून होत नाहीत, संवेदना गेलेल्या पायावर त्याच त्या जागी दाब पडत राहतो म्हणून होतात. कुष्ठरोगातही नस गेली की बोटं अशीच पंजासारखी होतात. म्हणून हे वाचणाऱ्या कुणाची बोटं वाकत असतील आणि अंगावर कुठं फिकट, बधिर चट्टा असेल तर लाजत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर पाय वाचतात.

तेव्हा ताई, कॉर्न कॅप बंद, म्हणजे आजपासून बंद. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, त्याला कुरूप कुठलं आणि चांगली कातडी कुठली हे कळत नाही, शुगरच्या पायावर त्यानं जखम होऊ शकते आणि पाकिटावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. ब्लेड घरात हातात घ्यायचं नाही. घट्टा कमी करायचा तर डॉक्टरकडून किंवा पायाचं ड्रेसिंग करणाऱ्या शिकलेल्या माणसाकडून. गरम पाण्यात पाय शेकत बसायचं नाही. आणि एप्रिल-मेच्या दुपारी गणपतीच्या देवळात किंवा औदुंबरला प्रदक्षिणा घालायची असेल तर मोजे घाला नाहीतर सकाळी लवकर जा. तापलेल्या फरशीवर बधिर पायाला फोड येतात आणि घरी येऊन पाय धुताना ते दिसतात. देव काही मोज्यांवर रागावणार नाही.

चप्पल. रोजची चप्पल उलटी करून उजेडात बघा. चवड्याच्या मधोमध, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत खड्डा पडला असेल आणि अंगठ्याखालचा भाग जवळजवळ नवा कोरा असेल, तर मी वर जे भाराचं लिहिलं ते तुम्हाला तिथं दिसेल. टाचेची आतली कड जास्त झिजली असेल तर पाऊल आत कोसळतंय. मग संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा पेन्सिलनं काढा, ती कापा आणि चपलेवर ठेवा. कागद बाहेर आला तर तेवढा पाय रोज दाबला जातोय, कितीही मऊ चामडं असू दे. मारुती रोडला खरेदीला जाताना तो कागद पर्समध्ये ठेवा, दुकानदार "वापरून सैल होईल" म्हणाला की कागद काढून दाखवायचा. दोन्ही पायांचा काढा, मोठ्या पायाच्या मापानं घ्या.

पाहिजे काय, तर बोटांच्या जागी रुंद आणि उंच, सगळ्यात लांब बोटापुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, आणि मागं टाचेला पट्टा. हा मागचा पट्टा महत्त्वाचा. आपल्याकडं आखूड-घट्ट वाईट एवढं सगळ्यांना पटतं, पण सैल स्लीपर आणि अंगठ्याची चप्पलही काही साधी नाही, ती पायातून निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटं आवळून धरावी लागते, त्यात बोटांना वाकण्याचीच सवय लागते, आणि पाय बधिर असला तर ती निसटून मागं राहिलेलीही कळत नाही. घरातसुद्धा अनवाणी नको. एमसीआरची चप्पल म्हणून मिळते, मऊ रबराचा आतला तळवा आणि खाली कडक तळ, दिसायला देखणी नाही पण त्या मऊ रबरानं दाब पसरतो.

चवड्यासाठी छोटा मेटाटार्सल पॅड मिळतो, पण लोक तो नेमका दुखतं तिथं चिकटवतात आणि दुखणं वाढवून घेतात. तो दुखऱ्या जागेच्या थोडा मागं, टाचेच्या बाजूला लावायचा, म्हणजे हाडांना मागून आधार मिळून दुखऱ्या जागेवरचा भार उतरतो. बोटाला सिलिकॉनची टोपी घातली तर घासणं थांबेल, मात्र चपलेत तेवढी जागा असेल तरच, नाहीतर टोपीनंच दाब वाढायचा. रोज संध्याकाळी टोपी काढून आतली कातडी बघायची.

बोट सरळ होईल का हे बघायलाही एक सोपी गोष्ट आहे. पाय लोंबकळत ठेवून बसा आणि चवड्याखाली, त्या बोटाच्या मुळाशी, हाताच्या अंगठ्यानं वर दाबा. बोट आपोआप बऱ्यापैकी सरळ झालं तर ते अजून लवचिक आहे, पट्टी लावून, पॅड देऊन, पोटरी सैल करून ते आहे तिथं थांबवता येतं आणि दुखणं पुष्कळ कमी होतं. हललंच नाही तर सांधा कडक झालाय, आणि व्यायामानं कडक सांधा सरळ होत नाही, मी फिजिओथेरपिस्ट असून हे लिहितेय. रात्री अंगठ्याला बांधायचे पट्टेही असेच, बांधलेत तोवर बरं वाटतं पण मोठ्या माणसाचा कललेला अंगठा त्यानं कायमचा सरळ होत नाही, जाहिरातीत काही का दाखवेनात.

व्यायाम म्हणाल तर पोटरीचा ताण तेवढा नेमानं करा. भिंतीला हात लावून एक पाय मागं, टाच जमिनीवर, ३० सेकंद, तीन वेळा, मग तेच गुडघा थोडा वाकवून, आणि बूट किंवा चप्पल घालून करा. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकायच्या आधी पाऊल वरखाली हलवून घ्या, पहिली पावलं सोपी जातील.

ऑपरेशन मेच्या आधी? माझं मत नको असं आहे. नुसतं बोट सरळ केलं आणि अंगठा तसाच ठेवला तर अंगठा त्या बोटाला परत ढकलायला बसलेलाच आहे, म्हणून बऱ्याचदा दोन्ही एकदम करावं लागतं. कडक बोटात सांध्याचा थोडा भाग काढून आत तार घालतात, ती साधारण चार ते सहा आठवडे बाहेर डोकावत असते, आणि सूज जायला पुढं कित्येक महिने लागतात. लग्नात तुम्ही एका जागी बसणार आहात का? शुगर ताब्यात नसेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरायचीच पंचाईत. नुसतं दिसतं वाईट म्हणून तर हे ऑपरेशन करूच नये. चप्पल बदलून, पॅड लावून तीन-चार महिने गेले, तरी चालणं होत नाही किंवा कुरपाची जागा सारखी फुटतेय, तर मग जरूर करा, पुढच्या सवडीनं. लवचिक बोटाच्या टोकाला जखम होत असेल तर मात्र खालची दोरी सैल करण्याचं लहानसं काम जागा बधिर करून होतं, त्याला एवढा व्याप नसतो.

आता कुणाकडं जायचं. आधी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांकडं, पायाच्या नसा आणि रक्तपुरवठा तपासायला, मग हाडाच्या डॉक्टरांकडं, त्यातही पावलाचं आणि घोट्याचं काम करणारे असतील तर उत्तम. मिरज जवळ आहे, तिथं डॉक्टरांची वाण नाही. पायाचा एक्स-रे उभं राहून, वजन टाकून काढायला सांगा, झोपून काढलेल्यात अंगठा किती कललाय ते नीट दिसत नाही. थांबायचं नाही असं कधी, तर कुरपातून पाणी किंवा पू आला, कुरपाखाली काळं-लाल दिसलं, बोट लाल होऊन फुगलं, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागायला लागला, दुखत नसलं तरी. शुगर असताना दुखत नाही म्हणून बरं आहे असं धरायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

जाताना जुने रिपोर्ट घ्या, तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा नवीन करून घ्या, आणि शाळेत रोज घालता ती चप्पल आहे तशी, न धुता न पुसता, पिशवीत टाकून घेऊन जा. डॉक्टरांनी मागितली नाही तरी टेबलाशेजारी उलटी ठेवा.